नायट्रोजन कमी झाला तरी कामगिरी वाढली, हे कसं काय? (डोप्ड, म्हणजे परके अणू मिसळलेला, कार्बन: ओआरआर म्हणजे ऑक्सिजन रिडक्शन, सुपरकपॅसिटर, सेन्सर)

काळी_भुकटी

नमस्कार मंडळी. पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. ग्लुकोज आणि मेलामाइन आधी ऑटोक्लेव्हमध्ये १८० अंशांना शिजवून घेतलं, मग आर्गॉनखाली ट्यूब फर्नेसमध्ये ७००, ८०० आणि ९०० अंश सेल्सिअसला दोन-दोन तास ठेवलं. असे तीन सँपल झालेत. दिसायला तिन्ही सारख्याच काळ्या भुकट्या, पण आकड्यांनी घोळ घातलाय.

एक्सपीएसप्रमाणे (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणारी चाचणी) नायट्रोजन अनुक्रमे ११.२, ७.४ आणि ३.९ अणु-टक्के. तापमान वाढलं तसा नायट्रोजन उडाला, इथपर्यंत समजलं. पण ०.१ मोलर केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली) ऑक्सिजन रिडक्शनचं हाफ-वेव्ह पोटेन्शियल (जितकं जास्त तितका उत्प्रेरक चांगला) ०.६८, ०.७४, ०.७९ व्होल्ट येतंय (आरएचई या हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत). ऑक्सिजनच्या रेणूमागे इलेक्ट्रॉनसंख्या ३.० वरून ३.७ पर्यंत चढते (आदर्श ४). म्हणजे जिथे नायट्रोजन सगळ्यात कमी, तिथे काम सगळ्यात चांगलं! ६ मोलर केओएचमध्ये, तीन इलेक्ट्रोडच्या मांडणीत कपॅसिटन्स १८०, २४०, २१५ फॅरड प्रति ग्रॅम. म्हणजे तिथे मधला सँपल पुढे. आणि डोपामिन (मेंदूतलं एक संदेशवाहक रसायन) ओळखायला घेतलं तर ७०० वाल्यावर नुसता फुगवटा, ९०० वाल्यावर टोकदार पीक.

प्रत्येक पेपरच्या सुरुवातीला 'नायट्रोजन डोपिंगमुळे सक्रियता वाढते' असं लिहिलेलं असतं. मग माझी गोष्ट उलटी का? गाईडना तिन्ही उपयोग एकाच पेपरात हवेत, शीर्षकात 'बहुगुणी' आणि 'मेटल-फ्री' हे दोन्ही शब्द हवेत. शेजारच्या लॅबमधल्या सीनियरने मात्र विचारलं, 'मेटल-फ्री कशावरून? आणि काउंटर इलेक्ट्रोड कुठला लावलास?' काउंटर, म्हणजे सर्किट पूर्ण करणारा दुसरा इलेक्ट्रोड, प्लॅटिनमची तार आहे. पण एक्सपीएसच्या सर्व्हे स्कॅनमध्ये लोह, मँगनीज, प्लॅटिनम काहीच दिसत नाही. एवढा पुरावा पुरत नाही का?

भट्टीसमोर

एकूण टक्केवारीला फार महत्त्व देऊ नका. नायट्रोजन बसलाय कुठे ते बघा. एक्सपीएसमधलं नायट्रोजनचं एन-वन-एस पीक घटकांत फोडलंय का? पिरिडिनिक (जाळीच्या कडेला, सहा अणूंच्या रिंगेतला) ३९८.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, पायरोलिक (पाच अणूंच्या रिंगेतला) ४००.२, ग्राफिटिक (जाळीच्या आत कार्बनच्या जागी बसलेला) ४०१.२, आणि ४०२ च्या वर ऑक्साइड. ७०० ला पायरोलिक भरपूर असतो. तापमान चढवलं की पाच अणूंच्या त्या रिंगा टिकत नाहीत. काही नायट्रोजन निघून जातो, काही जाळीच्या आत जाऊन ग्राफिटिक होतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक शंका. मेलामाइन ५५० अंशांच्या आसपास कार्बन नायट्राइड होतं आणि साधारण ७०० नंतर तुटून जातं. तुमच्या ७०० वाल्यात त्याचे अवशेष राहिले असतील तर ११.२ मधला बराच नायट्रोजन कार्बनच्या जाळीत नाहीच, शेजारी नुसता पडून आहे. तो वीजही वाहत नाही. वर त्याचं पीक पिरिडिनिकच्याच जागी येतं, त्यामुळे फिटिंग करणारा खुशाल 'पिरिडिनिक ६० टक्के' लिहून मोकळा होतो. कार्बनचं सी-वन-एस बघा. २८८ च्या थोडं वर वेगळा खांदा दिसतोय का?

जाता जाता: मेलामाइन तापवताना अमोनियासोबत हायड्रोजन सायनाइडही निघू शकतो. भट्टीचा निकास खोलीत सोडत नाही ना? हूडमध्ये न्या, अल्कलीच्या बबलरमधून.

काळी_भुकटी

निकास हूडमध्येच आहे, बबलर उद्याच लावतो. ७०० वाल्याला २८८ जवळ खांदा आहे खरा. मी तो कार्बोक्सिल म्हणून सोडून दिला होता.

जुनी_काजळी

भट्टीसमोर यांनी अर्धं काम केलंय. उरलेल्यावर मी जरा पसरून लिहिते, कारण सध्या माझं पोट याच धंद्यावर आहे. लोक भुकट्या पाठवतात, आम्ही मोजतो. आणि दर दुसऱ्या भुकटीसोबत 'मेटल-फ्री' लिहिलेली चिठ्ठी असते.

तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत बघ. नायट्रोजन घटूनही काम का वाढलं, हा एक. आणि जे काम वाढलं ते नायट्रोजनचंच कशावरून, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तू तापमान बदललंस, पण त्याच्या मागोमाग वीजवहन, छिद्रं, नायट्रोजनचा प्रकार आणि उरलेला ऑक्सिजन हे सगळंच हललं. ग्लुकोजपासून केलेला ७०० अंशांचा कार्बन वीज जेमतेम वाहतो, ९०० ला तो बराच सुधारतो. इलेक्ट्रॉन पोचतच नसेल तर जागेवर कितीही नायट्रोजन असून काय उपयोग? तेव्हा तुझ्या तीन बिंदूंवरून 'नायट्रोजन विरुद्ध सक्रियता' असा आलेख काढूच नकोस. तो तापमानाचा आलेख आहे.

नायट्रोजन काम करतो, याबद्दल मला शंका नाही. त्याची विद्युतऋणता ३.०४, कार्बनची २.५५. शेजारचा कार्बन जरा धन होतो, ऑक्सिजन तिथे चिकटतो. २००९ मध्ये लिमिंग दाई यांच्या गटाने उभ्या वाढवलेल्या नायट्रोजनयुक्त नॅनोट्यूबवर अल्कलीत प्लॅटिनमच्या तोडीस तोड ओआरआर दाखवली आणि मग जगभर भट्ट्या पेटल्या. पण त्या ट्यूब कशापासून केल्या होत्या माहीत आहे? आयर्न थॅलोसायनाइनपासून. म्हणजे लोह आणि नायट्रोजन एकाच रेणूत! नंतर विद्युतरासायनिक पद्धतीने लोह काढून टाकलं, असं त्यांनी सांगितलं. पण ते किती निघालं, यावरचे प्रश्न पुढे कित्येक वर्षं चालले. आणि धातू-नायट्रोजन-कार्बन ही जोडगोळी ओआरआर करते हे तर १९६४ पासून ठाऊक आहे. जॅसिन्स्की यांनी ते कोबाल्ट थॅलोसायनाइनवर दाखवलं होतं.

खरोखर स्वच्छ पुरावा मला आवडतो तो २०१६ चा, जपानमधल्या नाकामुरा यांच्या गटाचा. त्यांनी भुकटीच घेतली नाही. ग्राफाइटचा सपाट, नीट रचलेला तुकडा घेतला, त्यावर ठरवून पिरिडिनिक किंवा ग्राफिटिक नायट्रोजन बसवला आणि सक्रियता पिरिडिनिकसोबत वाढते हे दाखवलं. काम करतो तो नायट्रोजनच्या शेजारचा कार्बन, असं त्यांचं म्हणणं. हे अम्लातलं आहे बरं का. तू केओएचमध्ये आहेस, आणि ग्राफिटिकवाल्यांनी अजून माघार घेतलेली नाही. तेव्हा त्या पेपरचा निष्कर्ष उचलून आपल्या भुकटीवर डकवू नकोस.

आता एक्सपीएस. याचा हिशेब एकदा स्वतः करून बघ, म्हणजे आयुष्यभर विसरणार नाहीस. सर्व्हे स्कॅनला ०.१ अणु-टक्क्याच्या खालचं सहसा दिसत नाही. लोहाचा अणू कार्बनपेक्षा ४.७ पट जड. म्हणजे ०.१ अणु-टक्का लोह म्हणजे वजनाने जवळजवळ अर्धा टक्का, चार-पाच हजार पीपीएम. अर्धा टक्का लोह असलेला कार्बन हा चांगला मुरलेला लोह-नायट्रोजन-कार्बन उत्प्रेरक असू शकतो! शिवाय एक्सपीएस बघतं ते वरचे काही नॅनोमीटर, आतल्या कणांचा त्याला पत्ता नसतो. 'एक्सपीएसमध्ये लोह दिसलं नाही' या वाक्याने काहीही सिद्ध होत नाही. आयसीपी-एमएस कर, म्हणजे भुकटी विरघळवून त्यातले धातू पीपीएममध्ये मोजायची चाचणी.

लोह येतं कुठून म्हणशील तर कुठूनही. अभिकर्मकांतून, ऑटोक्लेव्हच्या स्टीलमधून, चमच्यातून, आधी त्याच ट्यूबमध्ये कुणी फेरोसिन (लोहाचं एक संयुग) जाळलं असेल तर तिथून. ग्राफीन ऑक्साइडवाल्यांची आणखी पंचाईत. ते बनवायच्या हमर्स पद्धतीत पोटॅशियम परमँगनेट ओतायचं आणि मग मँगनीज नाही म्हणायचं.

तुझ्या सीनियरचा प्लॅटिनमचा प्रश्न वेगळा आहे आणि तितकाच खरा. काउंटरवर पोटेन्शियल वर जातं, तार थोडी विरघळते, ते प्लॅटिनम द्रावणातून येऊन तुझ्या भुकटीवर बसतं. सायकलमागून सायकल 'उत्प्रेरक सुधारतोय' असं दिसायला लागतं. ग्राफाइटची कांडी लाव, मध्ये फ्रिट (सच्छिद्र काचेची चकती) असलेली वेगळी नळी ठेव. रेफरन्स, म्हणजे ज्याच्या तुलनेत पोटेन्शियल मोजतोस तो इलेक्ट्रोड, कुठला आहे? अल्कलीत चांदी-सिल्व्हर क्लोराइड वापरत असशील तर मर्क्युरी-मर्क्युरी ऑक्साइडवर ये.

आणि सगळ्यात आधी: मेलामाइन न घालता, बाकी सगळं तसंच ठेवून ९०० अंशांचा सँपल केलायस का? तो नसेल तर बाकी चर्चा नंतर.

एक गंमत. २०२० मध्ये पुमेरा यांच्या गटाने ग्राफीनमध्ये पक्ष्यांची विष्ठा घालून तापवली आणि सक्रियता साध्या ग्राफीनपेक्षा वाढली असं रीतसर छापून आणलं. विष्ठेत नायट्रोजन, फॉस्फरस, गंधक सगळं आयतंच. टोमणा होता तो, पण मोजमाप खरं होतं. आज हे मूलद्रव्य, उद्या ते, परवा दोन्ही, अशी जी पेपरांची माळ लागली आहे तिच्यावर. मला तो पेपर आला त्या आठवड्यात तीन जणांनी पाठवला.

काळी_भुकटी

ताई, पेपर वाचून हसू आवरलं नाही. मेलामाइनशिवायचा सँपल आहे, पण ८०० चा. ९०० चा करतो. रेफरन्स मर्क्युरी ऑक्साइडचाच आहे. कपॅसिटन्सबद्दल काय म्हणता? तिथे तरी नायट्रोजनचा हात आहे ना? बीईटी क्षेत्रफळ (वायू चिकटवून मोजलेला, छिद्रांसकट पृष्ठभाग) ७००, ८००, ९०० ला अनुक्रमे ३१०, ६४० आणि ९८० चौरस मीटर प्रति ग्रॅम आहे.

जुनी_काजळी

हे आकडे आधी द्यायचेस ना! यातच सगळं आहे. कपॅसिटन्सला क्षेत्रफळाने भाग. ७०० वाल्याला १८० भागिले ३१०, म्हणजे चौरस सेंटीमीटरमागे ५८ मायक्रोफॅरड. ८०० ला साडेसदतीस. ९०० ला २२. आता नुसत्या कार्बनवर दुहेरी थराचा (पृष्ठभागावर आयन नुसते जमून येणारा) कपॅसिटन्स साधारण १० ते २० मायक्रोफॅरड धरतात. म्हणजे ९०० वाला जवळपास शुद्ध दुहेरी थर आहे. तिथे क्षेत्रफळ काम करतंय. ७०० वाल्यात मात्र जे वरचे ४० च्या आसपास मायक्रोफॅरड आहेत ते कुठल्या तरी रेडॉक्स अभिक्रियेचे, नायट्रोजनच्या आणि ऑक्सिजनच्या गटांचे. तुझा नायट्रोजन कपॅसिटरमध्ये काम करतोय, आणि जास्त नायट्रोजनवाला जास्त करतोय. फक्त त्याला जागाच कमी मिळाली आहे. ८०० ला दोन्हींचा मेळ बसला म्हणून तो पुढे.

एक खोच आहे. बीईटी ७७ केल्विनला नायट्रोजन वायूने केलं असशील. ०.७ नॅनोमीटरच्या खालच्या छिद्रांत तो वायू त्या थंडीत नीट शिरत नाही, आणि ७०० वाल्यात तशी छिद्रं जास्त असण्याचा संभव आहे. त्याचं खरं क्षेत्रफळ ३१० हून बरंच जास्त निघू शकतं आणि मग ५८ चा आकडा खाली येईल. २७३ केल्विनला कार्बन डायऑक्साइडने मोजून घे आणि मगच हे वाक्य पेपरात टाक.

तीन इलेक्ट्रोडमधले २४० फॅरड घेऊन नाचूही नकोस. दोन सारखे इलेक्ट्रोड समोरासमोर लावले की दोन्हींच्या वजनावर कपॅसिटन्स चौथाई होतो, ६० फॅरड. पाण्यात १ व्होल्टच्या आसपासच थांबावं लागतं. ऊर्जा आली किलोमागे साधारण ८ वॉट-तास, तीही नुसत्या भुकटीच्या वजनावर, द्रावण, कलेक्टर, डबी यांचं वजन न धरता. वाईट नाही, पण 'क्रांतिकारी' हे विशेषण खोडून टाक. इलेक्ट्रोडवर चौरस सेंटीमीटरला किती मिलिग्रॅम होतं? एक-दोन असेल तर दहावर करून बघ. पातळ थरावर सगळेच शूर.

टोकदार_पीक

डोपामिनचं मी बोलते. सेन्सर हेच माझं काम, आणि या एका भुकटीत तीन उपयोग कोंबण्याच्या प्रकाराचा मला मनापासून राग आहे. कपॅसिटरला जे हवं असतं तेच सेन्सरला नको असतं, हे कुणी लिहीतच नाही.

हिशेब बघा. ३ मिलिमीटरच्या ग्लासी कार्बनवर तुम्ही समजा २० मायक्रोग्रॅम भुकटी टाकली. २०० फॅरड प्रति ग्रॅमने ती ४ मिलिफॅरड झाली. सेकंदाला ५० मिलिव्होल्टने स्कॅन केलंत तर नुसता चार्जिंग करंट २०० मायक्रोअँपिअर. आणि त्याच उघड्या इलेक्ट्रोडवर १० मायक्रोमोलर डोपामिनचा विसरणाने येणारा पीक करंट? ०.३ मायक्रोअँपिअर. ०.३ शोधायचाय २०० मधून! डीपीव्ही (व्होल्टेजच्या छोट्या स्पंदांनी मोजायची पद्धत) लावल्यावर चार्जिंगचा बराच भाग गळतो, म्हणून तुम्हाला पीक दिसतं. पण उत्तम कपॅसिटर हा सेन्सर म्हणून मुळात गोंगाट आहे.

याच्या अगदी उलट टोकाला बोरॉन-डोप्ड डायमंड बघा. तेही डोप्ड कार्बनच. बोरॉन इतका घालतात की हिरा धातूसारखा वाहू लागतो. पण पृष्ठभाग सपाट, घट्ट, जवळजवळ निष्क्रिय, म्हणून बॅकग्राउंड अगदी कमी आणि पाण्यात ३ व्होल्टच्या वर खिडकी (पाणी न फुटता वापरता येणारा व्होल्टेजचा पट्टा) मिळते. तिथे डोपिंग फक्त वीज वाहण्यापुरतं. तुमच्या भुकटीत डोपिंगने पृष्ठभाग चळवळ्या करायचाय. दोन वेगळी कामं.

आता तुमच्या टोकदार पीकबद्दल. इंकमध्ये (इलेक्ट्रोडवर लावायला भुकटी कालवता त्यात) नॅफिऑन हा चिकटवणारा पॉलिमर आहे ना? नॅफिऑनवर सल्फोनेटचे ऋण भार असतात. शरीराच्या ७.४ पीएचला डोपामिन धन, अॅस्कॉर्बिक आम्ल ऋण. नॅफिऑन एकाला ओढतं, दुसऱ्याला ढकलतं. म्हणजे 'नायट्रोजनमुळे निवडकता आली' असं जे तुम्ही लिहिणार आहात ते बाटलीतल्या नॅफिऑनचं श्रेय असू शकतं. फक्त नॅफिऑन लावलेला ग्लासी कार्बन मोजा, मग मेलामाइनशिवायच्या भुकटीचा मोजा.

दुसरं, सच्छिद्र थरात द्रावण अडकून राहतं. तिथला रेणू विसरणाने यावा लागत नाही, आधीच आत असतो. पीक टोकदार होतं, ऑक्सिडेशन-रिडक्शनच्या पीकमधलं अंतर कमी होतं, आणि लोक त्याला उत्प्रेरण म्हणतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. पीक करंट स्कॅनच्या वेगाच्या वर्गमुळासोबत वाढतो की थेट वेगासोबत, ते बघा. थेट वेगासोबत वाढला तर तुम्ही अडकलेलं किंवा चिकटलेलं डोपामिन मोजताय. मग इलेक्ट्रोड कोऱ्या बफरमध्ये बुडवून पुन्हा स्कॅन करा. पीक तसंच आलं तर चिकटलंय.

आणि धातूंचं भूत इथेही आहे. २००६ मध्ये कॉम्प्टन यांच्या गटाने दाखवलं की बहुभिंती नॅनोट्यूबवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओळखण्याचं श्रेय ट्यूबचं नव्हतंच, आत राहिलेल्या आयर्न ऑक्साइडच्या कणांचं होतं.

निळा_उजेड

विषयाला धरूनच थोडं अवांतर. कार्बन डॉट्समध्ये (कार्बनचे चमकणारे नॅनोकण) हाच तमाशा आहे. सायट्रिक आम्ल आणि इथिलीनडायअमाइन शिजवलं की झकास निळा उजेड, क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशातला परत बाहेर पडणारा वाटा) ८० टक्क्यांच्या आसपास. पुढे कळलं की बराचसा उजेड त्यात तयार होणाऱ्या एका लहान सेंद्रिय रेणूचा असतो. डायलिसिसच्या पिशवीबाहेरचं पाणीच जास्त चमकतं! वर 'फेरिक आयन निवडकपणे ओळखतो' हे ठरलेलं वाक्य. फेरिक आयन स्वतःच त्या भागातला प्रकाश शोषतो, डॉटपर्यंत पोचूच देत नाही, म्हणून उजेड कमी. फ्लुरोसन्सचं आयुर्मान मोजलं तर बदललेलं नसतं. गाईड चौथा उपयोग म्हणून हे सुचवतील, सावध.

काळी_भुकटी

निळा_उजेड, सुचवून झालंय.

बरं, नवे आकडे आलेत. ग्राफाइट काउंटर लावून ९०० वाला पुन्हा मोजला: ०.७८ व्होल्ट, म्हणजे जवळपास तोच. मेलामाइनशिवायचा ९०० वाला: ०.६६. आयसीपी-एमएसमध्ये लोह ९०० वाल्यात १४० पीपीएम, मेलामाइनशिवायच्यात १२०. बाकी धातू नगण्य. ०.१ मोलर परक्लोरिक आम्लात पोटॅशियम थायोसायनेट टाकलं तर ९०० वाल्याचं हाफ-वेव्ह ४५ मिलिव्होल्टने घसरलं. मेलामाइनशिवायच्याचं जागचं हललं नाही.

माझा अर्थ असा: लोह दोन्हीत सारखंच, तरी काम फक्त नायट्रोजनवाल्याचं वाढलं. म्हणजे श्रेय नायट्रोजनचं. बरोबर ना?

डोपामिनचं अजून केलं नाही. पीक वेगासोबतच वाढतंय असं जुन्या डेटावरून दिसतंय.

जुनी_काजळी

प्लॅटिनम सुटलं, ते उत्तम झालं. लोह मात्र सुटलेलं नाही. उलट तूच त्याला पकडून दिलंयस. लोह दोन्हीत सारखं आहे, पण नायट्रोजन नसलेल्या कार्बनमध्ये ते ऑक्साइड नाहीतर कार्बाइड होऊन निपचित बसतं. नायट्रोजन मिळाला की तेच लोह चार नायट्रोजनांच्या मधोमध जाऊन बसतं, आणि तीच ओआरआरची नामांकित जागा आहे. तिला थायोसायनेट चिकटतं. म्हणून तुझा एक सँपल घसरला आणि दुसरा नाही. आम्लाने धुवून ते जाईल अशी आशा धरू नकोस, कण जातात, ही जागा टिकते.

१४० पीपीएम म्हणजे किती, तेही मोजू. म्हणजे अणु-टक्क्यांत ०.००३. एक्सपीएसला दिसण्याच्या तीसेक पट खाली, त्यामुळे त्याला बोल लावू नकोस. इलेक्ट्रोडवर चौरस सेंटीमीटरला ०.२ मिलिग्रॅम भुकटी धरली तर लोह २८ नॅनोग्रॅम, अर्धा नॅनोमोल. हाफ-वेव्हला कायनेटिक करंट (उत्प्रेरकाच्या स्वतःच्या वेगाचा) मर्यादित करंटइतकाच (ऑक्सिजन पोचण्याच्या वेगाने ठरणारा) असतो, तो चौरस सेंटीमीटरला ५ मिलिअँपिअर धर. सगळं काम लोहानेच केलं असं मानलं तर प्रत्येक अणूला सेकंदाला साधारण २६ ऑक्सिजन रेणू उरकावे लागतील. अल्कलीत, ०.७८ व्होल्टला, ही मागणी मला अशक्य वाटत नाही. सगळे अणू योग्य जागी बसलेले नसणार, म्हणजे बसलेल्यांवर भार आणखी जास्त. त्यामुळे लोहाने सगळं केलं असंही मी म्हणणार नाही. थायोसायनेटचा प्रयोगही अम्लातला आहे, तो केओएचला जसाच्या तसा लागू होत नाही. आणि अल्कलीत हाच प्रयोग सायनाइडने जमतो म्हणून त्या विषाच्या नादी लागू नकोस.

यातून बाहेर पडायचा मार्ग म्हणजे लोह मुद्दाम घालणं. ग्लुकोज-मेलामाइनच्या मिश्रणात आयर्न नायट्रेट टाकून अंतिम भुकटीत अंदाजे ३००, ६०० आणि १२०० पीपीएम येईल असे सँपल कर, सगळे ९०० ला. सोबत अतिशुद्ध अभिकर्मक वापरून, स्टीलला न शिवता, जमेल तितका कमी लोहाचा एक. प्रत्येकाचा ०.८ व्होल्टचा कायनेटिक करंट काढ आणि आयसीपीच्या लोहासमोर मांड. बिंदू रेषेत आले तर ती रेषा शून्य लोहापर्यंत मागे ओढ. तिथे जो करंट उरेल तेवढा नायट्रोजनच्या नावावर लिही. जास्त लोहाला अणू एकत्र येऊन कण होतात आणि रेषा वाकते, म्हणून १२०० च्या पुढे जाण्यात अर्थ नाही. इंक सगळ्यांची एकाच दिवशी, एकाच नॅफिऑनच्या बाटलीतून.

तोवर पेपरात 'बाहेरून धातू न घालता बनवलेला' असं लिही. खरं आहे आणि कुणी आक्षेप घेणार नाही.

टोकदार_पीक

पीक वेगासोबत वाढतंय म्हणजे चिकटतंय नाहीतर अडकतंय. मग डोपामिनचा भाग या पेपरातून काढा. चिकटणं वाईट नसतं, जमवून मग मोजायची पद्धत त्यावरच उभी आहे. पण मग गोष्ट वेगळी, पेपर वेगळा, आणि भुकटी २० ऐवजी २ मायक्रोग्रॅम.

काळी_भुकटी

आयर्न नायट्रेट मागवलं. गाईडशी बोललो. शीर्षकातून 'मेटल-फ्री' काढायला ते तयार झाले. 'बहुगुणी'वर अडलंय.